गुलाबी आवरण आणि आज्ञावलीची मालकी : मुलींना संगणकाकडे वळवू पाहणाऱ्या लोकप्रिय संस्कृतीची समीक्षा

गोषवारा

शालेय वयातील मुलींना संगणकीय आज्ञावली-लेखनाची गोडी लागावी म्हणून गेल्या काही दशकांत, विशेषतः अमेरिकेत, बाहुल्या, चित्रपटांतील राजकन्या, दागिने, फॅशन व कादंबऱ्या यांचा आधार घेण्यात आला. या प्रयत्नांकडे सामान्यतः प्रसाराची साधने म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार सांस्कृतिक संहिता म्हणून केला आहे. बार्बीचे वादग्रस्त चित्रपुस्तक, 'फ्रोझन' चित्रपटावर आधारलेला शैक्षणिक उपक्रम, गूगलची 'मेड विथ कोड' मोहीम, 'द फ्रेंडशिप कोड' ही कादंबरी आणि 'हिडन फिगर्स' हा चित्रपट यांचे वाचन करून, अशा संहितेचे मूल्य तिच्या आकर्षकतेवर अवलंबून नसून तिच्यात आज्ञावली कोण लिहिते यावर अवलंबून असते, हे येथे मांडले आहे.

बीजशब्द : लोकप्रिय संस्कृती, लिंगभाव, आज्ञावली-लेखन, साचेबंद प्रतिमा, बालसाहित्य.

प्रास्ताविक

लोकप्रिय संस्कृती ही करमणुकीपुरती मर्यादित असते आणि शिक्षणाचा प्रांत तिच्यापासून वेगळा असतो, अशी एक समजूत शिक्षणक्षेत्रात दीर्घकाळ रूढ होती. ती आज कोणी फारशी मानत नाही. मूल शाळेत येते तेव्हा कोणते काम कोणाचे, कोणत्या वस्तू मुलांच्या आणि कोणत्या मुलींच्या, हे त्याला बरेचसे ठाऊक असते. हे ज्ञान त्याला पाठ्यपुस्तकाने दिलेले नसते. ते चित्रपट, जाहिराती, खेळणी आणि मालिका यांतून झिरपत आलेले असते. संगणकाच्या बाबतीत ही प्रक्रिया ठळकपणे दिसते. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास सुमारे ३७ टक्के होते. पुढील पंचवीस-तीस वर्षांत ते घसरून सुमारे १८ टक्क्यांवर आले. याच काळात वैद्यक, कायदा आणि अनेक विज्ञानशाखा यांतील स्त्रियांचे प्रमाण मात्र वाढत होते.

या घसरणीवर उपाय म्हणून जे अनेक प्रयत्न झाले, त्यांतील एक मार्ग असा : मुलींना जे आधीच आवडते, त्याच्याच मार्फत त्यांना संगणकाजवळ आणावे. बाहुली आवडते, तर बाहुलीला संगणक अभियंता करावे. राजकन्या आवडते, तर राजकन्येच्या हालचाली आज्ञावलीने घडवाव्यात. वरवर पाहता हा मार्ग निरुपद्रवी व व्यवहार्य वाटतो. तथापि आवडीचा उपयोग करून घेताना त्या आवडीबरोबर येणारे अर्थही आपोआप आत येतात. म्हणून 'मुली आल्या का?' या प्रश्नाच्या जोडीला 'आल्यावर त्यांना कोणती भूमिका मिळाली?' हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

१. पूर्वपीठिका : उघडलेले आणि मिटलेले दार

मुलींना संगणकाकडे 'नव्याने' वळवावयाचे आहे, ही मांडणीच इतिहासाच्या कसोटीवर अपुरी ठरते. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या अमेरिकन संगणकासाठी आज्ञावली रचण्याचे काम सहा स्त्रियांनी केले होते. ग्रेस हॉपर यांनी आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. या काळात यंत्र बांधणे हे प्रतिष्ठेचे काम मानले जाई आणि त्याला आज्ञा देणे हे दुय्यम, काहीसे कारकुनी स्वरूपाचे काम समजले जाई; म्हणूनही ते स्त्रियांकडे आले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

लोकप्रिय माध्यमाद्वारे मुलींना या कामाचे आमंत्रण देण्याची कल्पनाही अलीकडची नाही. 'कॉस्मोपॉलिटन' या स्त्रियांच्या लोकप्रिय मासिकाने एप्रिल १९६७ च्या अंकात लोइस मँडेल यांचा 'द कॉम्प्युटर गर्ल्स' हा लेख छापला. तरुणींना या नव्या व्यवसायात चांगल्या वेतनाची संधी आहे, असे त्यात सांगितले होते. ग्रेस हॉपर यांनी त्या लेखात आज्ञावली-लेखनाची तुलना मेजवानीच्या तयारीशी केली : सर्व गोष्टींचा आधीच विचार करून ठेवावा लागतो आणि प्रत्येक वस्तू हवी त्या वेळी सिद्ध असावी लागते. ही उपमा दोन्ही अंगांनी वाचता येते. एकीकडे स्वयंपाकघरातील नियोजन ही खरी बौद्धिक क्षमता आहे, याची तीत कबुली आहे. दुसरीकडे स्त्रीला नवे क्षेत्र समजावून सांगताना पुन्हा चुलीपाशीच जावे लागते, हेही तीत दिसते. पुढील पन्नास वर्षांच्या सर्व प्रयत्नांतील द्विधा या एका उपमेत सामावलेली आहे.

हे दार मिटण्यातही लोकप्रिय संस्कृतीचा हात होता. १९८० च्या दशकात घरगुती संगणक बाजारात आले, तेव्हा त्यांच्या जाहिरातींत बहुधा मुलगा आणि वडील दिसत. 'वॉरगेम्स' (१९८३), 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स' (१९८४), 'वीअर्ड सायन्स' (१९८५) अशा चित्रपटांनी संगणकाशी एकरूप झालेला, काहीसा एकलकोंडा किशोर ही प्रतिमा पक्की केली. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी 'अनलॉकिंग द क्लबहाउस' (२००२) या ग्रंथात कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या आधारे दाखवून दिले, की घरातला संगणक पुष्कळदा मुलाच्या खोलीत ठेवला जाई आणि बहिणीला तो भावाच्या परवानगीने वापरावा लागे. म्हणजे मुलींच्या अनास्थेला निसर्ग जबाबदार नव्हता. ती अनास्था घडवली गेली होती. जे घडवले गेले ते बदलता येते, ही या सर्व प्रयत्नांमागील आशा त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

२. बार्बी : वेश अभियंत्याचा, काम मुलांचे

मॅटेल कंपनीची बार्बी आणि गणित-विज्ञान यांचे नाते पूर्वीपासून अवघडच होते. १९९२ मध्ये आलेल्या बोलक्या बार्बीच्या काही नगांच्या तोंडी गणिताचा तास कठीण असतो, अशा आशयाचे वाक्य होते. अमेरिकेतील विद्यापीठीय स्त्रियांच्या संघटनेने त्याला आक्षेप घेतल्यावर ते वाक्य काढून टाकण्यात आले.

२०१० मध्ये बार्बीचा पुढील व्यवसाय कोणता असावा, यासाठी कंपनीने जाहीर मतदान घेतले. त्याचा निकाल अभ्यासण्याजोगा आहे. लहान मुलींच्या मतदानात वृत्तनिवेदिका निवडून आली. सर्वसाधारण मतदानात संगणक अभियंता. संगणकक्षेत्रातील प्रौढ स्त्रियांनी त्यासाठी प्रचार केला होता. कंपनीने दोन्ही बाहुल्या काढल्या. म्हणजे 'मुलींच्या आवडीची' म्हणून पुढे आलेली ही अभियंता बाहुली प्रत्यक्षात मोठ्यांच्या आकांक्षेचे अपत्य होती. यात गैर काही नाही. पण मुलींच्या आवडीच्या नावाने मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे पाहताना ही आवड नेमकी कोणाची, हे तपासले पाहिजे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

बाहुलीच्या वेशात द्विमान अंकांची नक्षी असलेला पोशाख, गुलाबी चष्मा व गुलाबी लॅपटॉप होता. वेश कसाही असला, तरी कसोटी लागते ती गोष्टीत. याच मालिकेतील 'आय कॅन बी अ कॉम्प्युटर इंजिनिअर' या चित्रपुस्तकावर नोव्हेंबर २०१४ मध्ये मोठा वाद उद्भवला. पुस्तकात बार्बी एक संगणकीय खेळ तयार करीत असते. धाकटी बहीण स्किपर विचारते तेव्हा ती सांगते, की आपण फक्त कल्पना व आराखडे करीत आहोत. त्याचा खरा खेळ करण्यासाठी स्टीव्हन आणि ब्रायन या मित्रांची मदत लागेल. पुढे तिच्या संगणकात विषाणू शिरतो आणि तिने गळ्यात घातलेल्या हृदयाकृती पेन ड्राइव्हमधून तो बहिणीच्या लॅपटॉपमध्येही जातो. बार्बी शिक्षिकेला उपाय विचारते. शिक्षिका तो सांगतेही. परंतु प्रत्यक्ष दुरुस्तीची वेळ येते तेव्हा आपण केल्यास काम लवकर होईल, असे सांगून मुलेच ते हाती घेतात. अखेरीस कौतुक मात्र बार्बीचे होते.

या कथेतील कामाची विभागणी नीट पाहिली पाहिजे. कल्पना सुचणे, रंग भरणे, चूक करणे, विचारणे आणि कौतुक स्वीकारणे ही कामे मुलीकडे आहेत. आज्ञावली लिहिणे, दोष शोधणे आणि दुरुस्त करणे ही कामे मुलांकडे आहेत. शिक्षिकेच्या रूपाने जाणकार स्त्री कथेत येते, पण तिचे ज्ञानही मुलांच्या हातूनच कृतीत उतरते. मुखपृष्ठावरील शीर्षक 'मी संगणक अभियंता होऊ शकते' असे आश्वासन देते आणि आतील प्रत्येक पान ते मागे घेते. हे पुस्तक वाईट हेतूने लिहिले गेले, असे मानण्याचे कारण नाही. उलट, हेतू चांगला असताना जुना साचा लेखकाच्या व संपादकाच्या नकळत किती सहज काम करतो, याचे हे उदाहरण आहे.

कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली व पुस्तक विक्रीतून काढून घेण्यात आले. त्याहून महत्त्वाची ठरली ती वाचकांची प्रतिक्रिया. संगणकक्षेत्रातील कॅथलीन ट्यूट यांनी त्या पुस्तकाच्या पानांवरील मजकूर कोणालाही बदलून लिहिता येईल असे एक संकेतस्थळ तयार केले आणि असंख्य वाचकांनी बार्बीला नव्याने लिहिले. चित्रे तीच राहिली. वाक्ये बदलताच बार्बी दोष शोधणारी, मित्रांना समजावणारी, स्वतः आज्ञावली लिहिणारी झाली. लोकप्रिय प्रतिमा स्वतः दोषी नसते, तिला दिलेली क्रिया दोषी असू शकते, हे या पुनर्लेखनाने प्रात्यक्षिकासह सिद्ध केले. हे पुनर्लेखन शक्य झाले ते एका स्त्रीने लिहिलेल्या आज्ञावलीमुळे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

३. बर्फावरील आकृती : 'फ्रोझन'चा उपक्रम

याच २०१४ च्या अखेरीस अमेरिकेतील 'कोड डॉट ऑर्ग' या संस्थेने डिस्नेच्या सहकार्याने एका तासाचा उपक्रम प्रसिद्ध केला. 'फ्रोझन' (२०१३) या अतिशय लोकप्रिय ॲनिमेशनपटातील ॲना आणि एल्सा या बहिणी त्यात बर्फावर स्केटिंग करतात. शिकणाऱ्या मुलीने आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडून त्यांना चालवावयाचे असते आणि त्यांच्या मार्गाने बर्फावर आकृती उमटत जाते.

राजकन्या, हिम, चकाकी हे सर्व घटक येथेही आहेत. मग बार्बीच्या पुस्तकाहून हा उपक्रम वेगळा कसा? याचे उत्तर उपक्रमाच्या रचनेत सापडते. बर्फावरील एल्सा ही सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व वॉली फॉयरझाइग यांनी १९६७ मध्ये सिद्ध केलेल्या 'लोगो' या शैक्षणिक भाषेतील कासवाची वंशज आहे. तेथे मूल कासवाला पुढे जाण्याची व वळण्याची आज्ञा देई आणि त्याच्या मार्गातून भूमिती उलगडत जाई. एल्साच्या बाबतीतही तेच घडते. पुढे जा, ९० अंशांत वळ, ही कृती चार वेळा केली की चौरस होतो. एखादी आकृती दहा वेळा काढावयाची आणि प्रत्येक वेळी ३६ अंशांत वळावयाचे, म्हणजे दहा वळणांत ३६० अंश पूर्ण होऊन हिमकणासारखी आकृती मिटते. ३६ ऐवजी ३० हा अंक घातला तर वळणांची बेरीज ३०० होते आणि आकृतीत फट राहते. ती फट मुलीला डोळ्यांनी दिसते. ती कोणी येऊन बुजवीत नाही. अंक तिलाच बदलावा लागतो.

चूक दिसणे, तिचे कारण शोधणे आणि ती दुरुस्त करणे हा आज्ञावली-लेखनाचा गाभा आहे. बार्बीच्या पुस्तकात हाच गाभा मुलांच्या स्वाधीन केला होता. येथे तो खेळणाऱ्या मुलीच्या हाती राहतो. राजकन्येचा उपयोगही केवळ सजावटीपुरता नाही. मूळ चित्रपटात एल्साचे सामर्थ्य बर्फातून आकार निर्माण करण्याचे आहे. उपक्रमातही बर्फावर आकार निर्माण करणे हेच काम आहे. कथेतील शक्ती आणि शिकावयाचे कौशल्य यांचा येथे मेळ बसतो. अशा मेळामुळे लोकप्रिय प्रतिमा आमिष न राहता आशयाचा भाग बनते.

या उपक्रमाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बहुतेक टप्प्यांत कोणती आकृती काढावयाची हे आधीच ठरलेले असते. मोकळीक मिळते ती अखेरच्या टप्प्यावर आणि तासाभरात प्रमाणपत्र हाती येऊन प्रवास संपतो. शिवाय हा उपक्रम एका प्रचंड व्यापारी कंपनीच्या पात्रांची जाहिरातही ठरतो, हे नाकारता येत नाही. तरीही पहिल्या पाठाची पहिली अट, म्हणजे काम शिकणाऱ्याच्या हाती असणे, तो पाळतो.

४. कंकणे, दिवे आणि केस वाळविण्याचे यंत्र

गूगलने १९ जून २०१४ रोजी 'मेड विथ कोड' ही मोहीम सुरू केली आणि तीन वर्षांत ५ कोटी डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले. मुलींना आज्ञावलीच्या साहाय्याने त्रिमितीय मुद्रणातून तयार होणारे कंकण रचता येई, हलती चित्रे करता येत, संगीताचे ठेके बांधता येत. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनमधील राष्ट्राध्यक्षांच्या उद्यानात राज्यांच्या नाताळवृक्षांवरील दिव्यांचे नमुने मुलींच्या आज्ञावलीने ठरविले गेले.

या मोहिमेचे मूल्यमापन एका वाक्यात करता येणार नाही. कंकणाच्या उपक्रमात मुलीला तयार घटकांतून आकार, रंग वा मजकूर निवडावयाचा असे. निवड आणि निर्मिती यांतील अंतर येथे पुसट होते. दुकानात कंकण निवडणारी मुलगी आणि पडद्यावर ते निवडणारी मुलगी यांच्यात तर्काचा एखादा टप्पा वाढला, तरच त्याला शिक्षण म्हणता येईल. दिव्यांच्या उपक्रमात तो टप्पा अधिक ठळक होता. कोणता दिवा केव्हा लागेल व किती वेळ राहील याचा क्रम लावावा लागे आणि तो क्रम सार्वजनिक ठिकाणी, हजारो लोकांसमोर प्रत्यक्षात येई. आपण लिहिलेली आज्ञा जगात काही घडविते, हा अनुभव दागिन्याच्या मोहापेक्षा टिकाऊ ठरण्याची शक्यता अधिक असते.

जेथे हा विचार झाला नाही, तेथे आवरण लगेच उघडे पडले. युरोपीय आयोगाने जून २०१२ मध्ये मुलींना विज्ञानाकडे आकर्षित करण्यासाठी एक चित्रफीत काढली. उंच टाचांच्या तरुणी, प्रसाधने आणि अधूनमधून प्रयोगशाळेतील काचपात्रे असे तिचे स्वरूप होते. तीव्र टीकेनंतर ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. २०१५ मध्ये आयबीएम कंपनीने स्त्रियांना केस वाळविण्याच्या यंत्रात तांत्रिक करामती करण्याचे आवाहन केले, तेव्हा संगणक व अभियांत्रिकी क्षेत्रांतील स्त्रियांनी त्याची खिल्ली उडविली आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करून मोहीम थांबवावी लागली. या दोन्ही उदाहरणांत ज्यांना आमंत्रण द्यावयाचे, त्यांच्याविषयीची कल्पनाच संकुचित होती.

५. मैत्रीची आणि ग्रंथालयाची गोष्ट

कथात्म साहित्य हा लोकप्रिय संस्कृतीचा तुलनेने शांत भाग आहे. परंतु या प्रश्नाच्या दृष्टीने तो कदाचित सर्वांत फलदायी ठरावा. २०१२ मध्ये रेश्मा सौजानी यांनी स्थापन केलेल्या 'गर्ल्स हू कोड' या संस्थेच्या सहकार्याने २०१७ पासून किशोरी-कादंबऱ्यांची एक मालिका निघाली. तिच्यातील 'द फ्रेंडशिप कोड' ही पहिली कादंबरी स्टेशिया डॉइच यांनी लिहिली. लुसी ही मुलगी शाळेतील कोडिंगच्या मंडळात मोठ्या उत्साहाने जाते आणि तेथे आरंभी संगणकाला हातही लावावयास मिळत नाही म्हणून निराश होते. तिला घाई असते, कारण आपल्या आजारी नातेवाइकाला उपयोगी पडेल असे ॲप तिला करावयाचे असते. मग तिला आज्ञावलीच्या भाषेतील गूढ चिठ्ठ्या मिळू लागतात आणि त्या उलगडताना मैत्रिणींशी दुरावलेले संबंधही जुळत जातात.

साहित्यगुणांच्या दृष्टीने ही कादंबरी शालेय मैत्रीकथांच्या रूढ साच्यातच वावरते. चिठ्ठ्यांचे रहस्य अनुभवी वाचकास लवकर कळते आणि शिकविण्याचा हेतू काही ठिकाणी उघड दिसतो. तरी तिचे एक वैशिष्ट्य मान्य करावे लागेल. येथे आज्ञावली मुलींच्या जगात बाहेरून आणून बसविलेली नाही. चिठ्ठी, गुपित, रुसवा, समेट या किशोरीकथेच्या नेहमीच्या घटकांतूनच अट, पुनरावृत्ती यांसारख्या संकल्पना पुढे येतात. येथे मुली एकमेकींच्या चुका दुरुस्त करतात. त्यांना स्टीव्हन आणि ब्रायनची वाट पाहावी लागत नाही.

मार्गो ली शेटर्ली यांच्या ग्रंथावरून २०१६ मध्ये निघालेला 'हिडन फिगर्स' हा चित्रपट प्रौढांसाठीही होता. पण शाळाशाळांतून तो मुलींना दाखविला गेला. नासातील कृष्णवर्णीय स्त्री-गणितज्ञांची ही कथा आहे. तिच्यातील डोरोथी व्हॉन यांना संगणक आल्यावर आपले हाताने गणिते करण्याचे काम जाणार, हे कळते. त्या ग्रंथालयातून फॉरट्रान भाषेचे पुस्तक मिळवितात, स्वतः शिकतात आणि आपल्या विभागातील सर्वजणींना शिकवितात. चित्रपटाने इतिहासातील काही प्रसंग नाट्यमय केले आहेत, हे खरे. तथापि येथे संगणक हे आकर्षण म्हणून येत नाही. रोजगार, वर्ण आणि प्रतिष्ठा यांच्या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. शिकण्याची निकड येथे सजावटीतून येत नाही, जगण्यातून येते. शिवाय एकटीने पुढे न जाता सर्वांना बरोबर नेण्याचे मूल्य येथे आहे, आणि एकलकोंड्या किशोराच्या १९८० च्या दशकातील प्रतिमेला ते थेट उत्तर ठरते.

६. संशोधनाचा कौल आणि एक आक्षेप

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो. गुलाबी का होईना, त्या आवरणामुळे एरवी कधीही न येणारी मुलगी दारापर्यंत आली, तर तेवढा लाभ कमी का मानावा? हा आक्षेप व्यवहारी आहे आणि तो हलक्याने बाजूला सारता येत नाही. या संदर्भात तीन अभ्यास उपयुक्त ठरतात.

सप्ना चेरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकशास्त्राची खोली दोन प्रकारे सजविली होती. 'स्टार ट्रेक'ची भित्तिचित्रे व व्हिडिओ खेळ असलेल्या खोलीत स्त्रियांचा विषयातील रस कमी आढळला. निसर्गचित्रासारख्या सर्वसामान्य वस्तू असलेल्या खोलीत तो वाढला. येथे खोली गुलाबी करावी लागली नाही. ती एका विशिष्ट गटाची आहे, हे सांगणारी चिन्हे काढणे पुरेसे ठरले.

डायना बेट्झ व डेनिस सेकाक्वाप्टेवा यांच्या २०१२ च्या अभ्यासातील निष्कर्ष अधिक अनपेक्षित आहे. विज्ञान-गणितात यशस्वी आणि त्याचबरोबर ठळकपणे 'स्त्रीसुलभ' दाखविलेल्या आदर्श व्यक्तींविषयी वाचल्यावर शाळकरी मुलींचा गणितातील रस व आत्मविश्वास वाढण्याऐवजी घटला. ज्यांना या विषयांत मुळात रस नव्हता, त्या मुलींना दोन्ही गोष्टी एकदम साधणे अशक्यप्राय वाटले. म्हणजे ज्यांच्यासाठी गुलाबी आवरण असते, त्यांनाच ते ओझे वाटू शकते.

तिसरे उदाहरण कार्नेगी मेलनचे. तेथील संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होते, ते २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. पूर्वानुभवाला प्रवेशात दिलेले अवाजवी महत्त्व कमी करणे, शाळाशिक्षकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थिनींना परस्परांचा आधार मिळेल अशी व्यवस्था, हे त्यामागील उपाय होते. त्या विद्यापीठातील लेनोर ब्लम व कॅरोल फ्रीझ यांनी तर मुलींसाठी वेगळा, सौम्य अभ्यासक्रम करण्याची गरज नाही, असे आग्रहाने मांडले. यावरून असे दिसते, की आवरणामुळे मुलगी दारापर्यंत येऊ शकेल. ती आत टिकेल की नाही, हे आतील व्यवस्थेवर ठरते.

७. भारतीय संदर्भ : उसन्या प्रश्नाची उत्तरे

हे सर्व विवेचन अमेरिकन व युरोपीय सामग्रीवर आधारलेले आहे. तथापि भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंगशी संबंधित कृतींचा समावेश सुचविला आहे आणि त्यामुळे अशी सामग्री भारतीय शाळांमध्ये येणे स्वाभाविक आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. अमेरिकेत 'संगणक मुलींचा नाही' ही समजूत मोडावयाची होती. भारतात ती समजूत त्या प्रमाणात रुजलेलीच नाही. रोली वर्मा यांनी भारतातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींच्या मुलाखतींतून दाखविले, की येथे हा विषय मुलींना साजेसा मानला जातो : काम घरात वा कार्यालयात बसून करावयाचे, बुद्धीचे, प्रतिष्ठेचे आणि चांगल्या वेतनाचे. पुण्यात १९९१ मध्ये स्त्रियांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा संगणकाच्या शाखेकडे मुलींना ओढण्यासाठी कोणत्याही बाहुलीची गरज भासली नव्हती.

येथील अडथळे वेगळे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३३ टक्के स्त्रियांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. घरातील एकमेव मोबाइल कोणाच्या हाती राहतो, या साध्या प्रश्नात भारतीय मुलीच्या कोडिंगचे भवितव्य बरेचसे दडलेले आहे. मार्गोलिस व फिशर यांना अमेरिकन घरात जो संगणक मुलाच्या खोलीत दिसला, त्याचेच हे भारतीय रूप म्हणता येईल. अशा मुलीची आवड वाढविण्यासाठी राजकन्येचे चित्र पुरविणे म्हणजे भूक असलेल्याला भूक लागण्याचे औषध देण्यासारखे आहे. तिला साधन हवे, वेळ हवा आणि तिच्या भाषेत लिहिलेली सामग्री हवी. लोकप्रिय संस्कृतीचा उपयोग येथे करावयाचाच झाला, तर तो मुलींची आवड जागविण्यापेक्षा मुलीच्या हाती यंत्र देणारे घर प्रतिष्ठित ठरविण्यासाठी अधिक व्हावा.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की मुलींना आवडणाऱ्या गोष्टींचा शिक्षणात उपयोग करणे हे मूलतः त्याज्य नाही. बाहुली, राजकन्या, दागिना यांविषयी तुच्छता बाळगणे हाही एक प्रकारचा पूर्वग्रहच होय. दुसरा असा, की कोणत्याही अशा संहितेला एक सरळ प्रश्न विचारता येतो : हिच्यात आज्ञावली कोण लिहिते, आणि चूक झाली तर ती कोण सुधारते? बार्बीचे पुस्तक या प्रश्नापुढे टिकत नाही. साचेबंद मानला गेलेला 'फ्रोझन'चा उपक्रम बऱ्याच अंशी टिकतो. तिसरा असा, की प्रतिमा बदलण्याला व्यवस्था बदलण्याची जोड नसेल, तर दारापर्यंत आलेली मुलगी तेथूनच परत जाते.

वर्गात एखादी चित्रफीत, पुस्तक वा खेळ नेण्यापूर्वी हा प्रश्न शिक्षकांना सहज विचारता येईल. त्यासाठी संगणकशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही. साहित्याच्या वर्गात पात्राची कृती तपासण्याची जी सवय विद्यार्थ्यांना लावली जाते, तीच येथे उपयोगी पडते. मराठी बालसाहित्यात संगणक हाताळणारी मुलगी जेव्हा येईल, तेव्हा तिच्या फ्रॉकचा रंग कोणता आहे याला फारसे महत्त्व राहणार नाही. तिच्या आज्ञावलीत दोष निघाला असता लेखक किंवा लेखिका तिला तो स्वतः शोधू देते किंवा नाही, यावर त्या गोष्टीचे मूल्य ठरेल.